तोंडातली भाषा आणि लेखणीतली भाषा

मराठी मुसलमानांची भाषा कोणती, हा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. एका बाजूचे लोक म्हणतात, तुम्ही घरात तर हिंदी-उर्दू बोलता, मग मराठीचे लेखक कसे? दुसऱ्या बाजूचे आपलेच लोक म्हणतात, मुसलमान असून उर्दूत का लिहीत नाही? प्रश्न परस्परविरोधी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माणूस ज्या भाषेत सहज बोलतो त्याच भाषेत तो सहज लिहितो, आणि तीच त्याची खरी भाषा, असे दोन्हीकडच्यांनी गृहीत धरलेले असते. दख्खनच्या इतिहासात या गृहीतकाला आधार सापडत नाही. येथे गेली सहाशे-सातशे वर्षे बोलण्याची आणि लिहिण्याची भाषा बहुतेकांची वेगवेगळीच राहिली आहे. त्यात मुसलमान होते तसेच ब्राह्मणही होते, आणि तख्तावर बसलेला सुलतानही होता.

मुळात बोलणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. बोलताना समोरचा माणूस आपल्याला मदत करतो. वाक्य अर्धे राहिले तरी तो समजून घेतो, शब्द आठवला नाही तर हातवारे चालतात. लिहिताना माणूस एकटा असतो. वाचणारा समोर नसतो, त्यामुळे सगळा अर्थ शब्दांतच बसवावा लागतो. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या दोहोंतला फरक नेमका मांडला. दुसऱ्या भाषेत रोजचे बोलणे मुलाला साधारण दोन वर्षांत जमू लागते. पण त्या भाषेत अभ्यास करणे, विचार मांडणे, निबंध लिहिणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याची उलटी बाजूही खरी आहे. पोलिश घरात जन्मलेले जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकले आणि त्या भाषेचे मोठे कादंबरीकार झाले, पण त्यांच्या इंग्रजी बोलण्यातला परका सूर शेवटपर्यंत गेला नाही. तोंडातली भाषा घर आणि गल्ली देते. लेखणीतली भाषा शाळा, कचेरी आणि पोट भरण्याचा व्यवसाय देतो.

हे सूत्र हाती घेऊन आपण आपल्या इतिहासाकडे पाहू.

दरबाराची फारसी

सन १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तेथे नेली. त्याच्याबरोबर दिल्लीकडचे शिपाई, कारागीर, व्यापारी, सूफी असे अनेक लोक दक्षिणेत आले. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. या राज्याची आणि पुढे त्यातून फुटून निघालेल्या आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाहीची कागदावरची प्रतिष्ठित भाषा फारसी होती. पण इराणातून आलेले आफाकी सरदार आणि पंडित सोडले, तर दख्खनमध्ये फारसी घरात बोलणारे कोण होते? येथे स्थायिक झालेल्या मुसलमानांच्या तोंडी दखनी आली होती. रयतेच्या तोंडी मराठी, कानडी, तेलुगू होती. फारसी ही सगळ्यांनीच शिकून लिहायची भाषा होती.

विजापूरचे उदाहरण बोलके आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे देण्याची व्यवस्था केली, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. त्या काळची आदिलशाही, निजामशाही फर्माने पाहिली तर एकाच कागदावर फारसी आणि मोडीतली मराठी असे दोन्ही मजकूर आढळतात. एक मजकूर राज्याच्या इभ्रतीसाठी होता, दुसरा गावच्या पाटील-कुलकर्ण्याला समजावा म्हणून.

दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) याच्याकडे अकबराचा वकील म्हणून असद बेग १६०३-०४ च्या सुमारास आला होता. सुलतानाला फारसी चांगली समजते, पण बोलताना तो अडखळतो आणि आपल्या माणसांशी मराठीत बोलतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. याच सुलतानाने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह दखनीत रचला आणि त्याला फारसी प्रस्तावना लिहिली ती इराणातून आलेल्या जुहुरी या कवीने. एकाच राजाची बोलण्याची भाषा मराठी, गाणी रचण्याची दखनी आणि राज्यकारभाराची फारसी! त्याची ‘खरी’ भाषा कोणती, असा प्रश्न त्याच्या दरबारात कोणी विचारला असता तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

मराठेशाहीतही वेगळे नव्हते. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. त्याने घरात आयुष्यभर मराठी बोलून दफ्तरात फारसी लिहिली, म्हणून त्याला कोणी इराणी ठरवले नाही आणि त्याच्या मराठीपणाबद्दलही शंका घेतली नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ तयार केला आणि कारभारातील सुमारे चौदाशे फारसी-अरबी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही पेशवे दफ्तरातील मराठी फारसी शब्दांनी भरलेलीच राहिली, कारण कारकुनाचा हात त्याच वळणावर बसलेला होता. आजही मराठी लिहायला बसले की लागणारे सामान पाहा: कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, मसुदा, मजकूर, लिफाफा. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. मराठी लेखणीला मुसलमानांचा हात परका कसा वाटावा?

दखनीची लेखणी कशी गेली

दखनी ही ‘अशुद्ध उर्दू’ आहे, बिघडलेली भाषा आहे, ती लिहिण्याच्या लायकीची नाही, असे आमच्या घरांतूनही सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दिल्लीत उर्दू कविता रुजण्याच्या कितीतरी आधी दखनीत ग्रंथ लिहिले जात होते. शाह मीराँजी शम्सुल उश्शाक आणि त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम या विजापूरच्या सूफींनी अरबी-फारसी न येणाऱ्या लोकांसाठी जाणीवपूर्वक लोकांच्या बोलीत रचना केली आणि तसे का केले याचे समर्थनही मांडले. जात्यावर दळताना म्हणायची चक्कीनामे, चरख्यावरची चरखानामे ही सूफी गीते याच परंपरेतली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्यांचे नाते सांगायला नको. गोवळकोंड्याचा महंमद कुली कुतुबशाह (१५८० ते १६१२) याने दखनीत मोठा काव्यसंग्रह केला. मुल्ला वजहीने १६३५ मध्ये ‘सबरस’ हा दखनी गद्यग्रंथ लिहिला. विजापूरच्या नुसरतीने ‘अलीनामा’ लिहिला. म्हणजे आमच्या आजी-नानीच्या तोंडची भाषा एके काळी राजे, सूफी आणि शायर यांच्या लेखणीची भाषा होती.

मग ती लेखणीतून गेली कशी? १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने जिंकले. दखनीला आश्रय देणारे दोन्ही दरबार दोन वर्षांत संपले. पुढे वली औरंगाबादीचा दीवान दिल्लीला पोहोचला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना आपल्या बोलभाषेतही काव्य करता येते याचा साक्षात्कार झाला. पण दिल्लीने ही भाषा उचलली ती स्वतःच्या वळणाने घडवली आणि तेच वळण प्रमाण ठरले. दख्खनचे शायरही त्या वळणाने लिहू लागले. दखनी तोंडात राहिली, कागदावरून हळूहळू नाहीशी झाली. भाषेत स्वतःचा काही दोष नव्हता. तिच्यामागचा दरबार गेला, मदरसा गेला, लिहिणाऱ्याला मिळणारे मानधन गेले. लेखणी हिरावली गेली की भाषेची बोली होते, एवढाच याचा अर्थ.

मराठी लिहिणारे जुने हात

दुसऱ्या बाजूला, सतराव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्यांची यादी पाहिली तर ती मराठीभाषक हिंदूंपुरती मर्यादित नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५ च्या सुमाराचा. वारकरी परंपरेत त्यांना मानाचे स्थान आहे. त्यांच्या नावावर हिंदवी रचनाही आहेत. हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठीत ‘अंबरहुसेनी’ ही टीका लिहिली. बहमनी घराण्याशी नाते सांगणारे शहा मुंतोजी हे मृत्युंजय नावाने मराठीत ग्रंथरचना करत होते. रा. चिं. ढेरे आणि डॉ. यू. म. पठाण यांच्या संशोधनामुळे हे सगळे आज आपल्यापुढे आहे. याच शतकात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. तो गोव्यात आला १५७९ मध्ये, वयाच्या तिशीत. त्याच्या मराठी बोलण्यात इंग्रजी हेल किती होता हे आज कोणी विचारत नाही. ओवी मराठीत उतरली की नाही, एवढेच पाहिले जाते. हाच न्याय आम्हालाही लावावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

शाळेने केलेली उलटापालट

आधुनिक काळात लेखणीची भाषा ठरवण्याचे काम शाळेकडे आले. १८३७ मध्ये कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी हटवण्याचा कायदा केला आणि देशी भाषांचा मार्ग मोकळा झाला. पण देशी म्हणजे कोणती? १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षणासाठी हिंदुस्तानी हे मुख्य माध्यम असावे, स्थानिक मुसलमानांची इच्छा वेगळी असेल तेथे अपवाद करावा, अशी शिफारस केली. मुलाची घरची भाषा कोणती यापेक्षा त्याचा धर्म कोणता यावरून शाळेची भाषा ठरू लागली.

याचा परिणाम महाराष्ट्रात फार विलक्षण झाला. कोकणी मुसलमानांच्या घरात बोलली जाते ती कोकणी बोली. ती मराठीच्या इतकी जवळ आहे की शेजारच्या कुणब्याला ती समजायला अडचण पडत नाही. पण कोकणात उर्दू माध्यमाच्या शाळांचे जाळे उभे राहिले आणि कोकणी मुसलमान पिढ्यान् पिढ्या उर्दूत लिहू लागला. मिरजोळीच्या हमीद दलवाईंसारखा (१९३२ ते १९७७) ‘इंधन’ मराठीत लिहिणारा लेखक तेथे निघाला. त्यांच्या सामाजिक भूमिकेविषयी मतभेद असोत, पण त्यांची मराठी कोकणच्या मातीतली होती. देशावर नेमके उलटे झाले. सोलापूर, सातारा, सांगली, नगर, बीड या भागांत मुसलमानांच्या घरात दखनी, म्हणजे उर्दूची सख्खी बहीण बोलली जाते. पण खेड्यात शाळा एकच आणि ती मराठी. त्यामुळे देशावरचा मुसलमान मराठीत लिहू लागला. म्हणजे ज्याची घरची बोली मराठीला जवळची त्याची लेखणी उर्दू झाली आणि ज्याची बोली उर्दूला जवळची त्याची लेखणी मराठी झाली. धर्म दोघांचाही एकच. लेखणीची भाषा ना रक्तातून येते ना धर्मातून, याला आणखी कोणता पुरावा हवा?

मराठवाड्यात तर एका पिढीतच चक्र फिरले. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. कायदा, विज्ञान, वैद्यक हे सगळे विषय उर्दूत शिकवले जात. त्या काळातले मराठवाड्यातले हिंदू वकील, कारकून, मास्तर घरात मराठी बोलत आणि अर्ज-दावे उर्दूत लिहीत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी याच जगात घडले आणि त्यांनी उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हे सगळे बदलले. बापाची लेखणी उर्दू, मुलाची मराठी, आणि दोघांच्याही तोंडात दखनी अशी मुसलमान घरे मराठवाड्यात जागोजागी झाली. बापाने लिहिलेली चिठ्ठी मुलाला वाचता येईना. ज्यांनी हे सोसले त्यांच्या दुःखाची नोंद मराठी साहित्यात अजून पुरेशी झालेली नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी २९ लाख होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे साधारण पाचांतल्या दोघांची मातृभाषा कागदावर तरी उर्दू नाही. उरलेल्या तिघांतही दखनी बोलून ‘उर्दू’ असे नोंदवणारे किती असतील याचा अंदाज वाचकांनी आपापल्या मोहल्ल्यावरून करावा.

वर्गात बसलेले मूल

दखनी घरातून मराठी शाळेत गेलेल्या मुलाचे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दखनीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते आणि वर्ग हसतो. दखनीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘माझी पुस्तक’ आणि ‘माझा घर’ होते. दखनीत ‘मैं रोटी खाया’ हे बरोबर वाक्य आहे, म्हणून मूल ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणते. तेच मूल उर्दूच्या जाणकारासमोर गेले तर तेथेही हसू होते, कारण दखनी जिभेवर ‘क़ाफ’चा ‘ख’ होतो आणि ‘क़ब्र’ची ‘खबर’ होते. मराठीत ‘ळ’ने अडवले, उर्दूत ‘क़ाफ’ने अडवले. आणि ज्या बोलीत त्याला काहीच अडत नाही, तिच्यात ‘नक्को’ आणि ‘अभीच’ हे मराठीकडून घेतलेले शब्द व प्रत्यय आहेत म्हणून तिला कोणी भाषा मानत नाही.

अशा मुलाला लिहिण्याने आधार दिला. कागदावर उच्चार ऐकू येत नाही. ‘ळ’ जिभेला जमला नाही तरी हाताला जमतो. देशावरचे कित्येक मुसलमान विद्यार्थी मराठीच्या पेपरात पहिले आले, ते याच जिद्दीतून. पण त्याची एक किंमतही त्यांनी मोजली. आपली मराठी शुद्ध आहे हे सिद्ध करण्यासाठी ते इतरांपेक्षा अधिक संस्कृतप्रचुर लिहू लागले. निबंधात अब्बाचे ‘वडील’ झाले, नमाजची ‘प्रार्थना’ झाली, सालनाचे ‘कालवण’ झाले, खालाची ‘मावशी’ झाली. भाषा बिनचूक झाली, पण तिच्यातून आपले घर गायब झाले.

ते घर परत आणण्याचे काम साहित्याने केले. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी, म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६ ते १९६९) यांनी आपल्या आवाजाने मराठी माणसाला जागे केले, तेव्हा त्यांची मातृभाषा कोणी विचारली नव्हती. १९८९ मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि १९९० मध्ये तेथेच पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. फकरुद्दीन बेन्नूर, फ. म. शहाजिंदे यांच्या पिढीने मुसलमानांचे जगणे मराठीत मांडण्याचा आग्रह धरला. मग अम्मी, अब्बा, कंदुरी, उरूस, निकाह हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय मराठीत येऊ लागले.

पुढे काय

आज प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. मूल इंग्रजी माध्यमात जाते. घरातली दखनी वा कोकणी ‘नीट बोल’ म्हणून आपणच बंद करतो आणि तिच्या जागी टीव्हीतली हिंदी येते. मदरशात ते अरबी अक्षरे घडघडा वाचते, अर्थ कळत नाही. मराठी परीक्षेपुरती, उर्दू ओळखीपुरती. अशा मुलाला चार भाषा येतात असे आपण कौतुकाने सांगतो. पण मनातले दुःख, संताप, आठवण एक पानभर लिहायला सांगितले तर ते कोणत्या भाषेत लिहील? बोलण्यापुरत्या भाषा दोन वर्षांत मिळतात. लिहिण्याची भाषा कमवावी लागते आणि ती कमवायची तर निदान एका भाषेत अनेक वर्षे मुरावे लागते.

आमच्या मते ती भाषा मराठी असायला कोणतीच हरकत नाही. मात्र घरची बोली दाराबाहेर ठेवून नव्हे. देशावरच्या मुलाने मराठी कथेतल्या नानीला दखनीतच बोलू द्यावे. कोकणातल्या मुलीने आपल्या कोकणी बोलीतली गाणी, म्हणी, शिव्याशाप देवनागरीत उतरवून काढावेत. ज्यांना उर्दू लिपी येते त्यांनी आजोबांच्या पेटीतली पत्रे मराठीत आणावीत. उर्दूत लिहिणाऱ्याने उर्दूत लिहावे, त्याचेही आम्हाला अगत्य आहे. आणि ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ असे कोणी कौतुक केले, तर त्याला शांतपणे सांगावे, की या भाषेत आमचे लोक शेख महंमदांच्या काळापासून लिहीत आले आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहे.